कडेवरची दोन अक्षरं

ब्रेक पॅड घेताना गिऱ्हाईक आधी खोकं बघतं, मग किंमत. वाचण्यासारखं असतं ते पॅडच्या कडेवर. तिथं पांढऱ्या शाईत एक बारीक ओळ छापलेली असते: बनवणाऱ्याची खूण, मिश्रणाचा क्रमांक आणि त्याच्या शेपटाला दोन इंग्रजी अक्षरं. एफएफ, एफई, जीजी, असं काहीतरी. दुकानदार त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. पण बोलेरो पिकअपसारख्या माल वाहणाऱ्या गाडीला ‘भारीतले’ पॅड टाकायचे म्हणजे नक्की काय करायचं, याचं उत्तर या दोन अक्षरांपासून सुरू होतं.

पहिलं अक्षर पॅडचं रोजच्या तापमानातलं वागणं सांगतं, साधारण 95 ते 205 अंश सेल्सिअसमधलं. तोच पॅड आणखी तापवत 340 अंशांच्या आसपास नेला की तो काय करतो, ते दुसरं अक्षर सांगतं. पॅडचा एक इंच लांब-रुंद तुकडा कापून फिरत्या ड्रमवर दाबतात आणि त्या दाबाचा किती हिस्सा प्रत्यक्ष अडवण्याच्या कामी येतो ते मोजतात. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एवढंच. पॅड किती दिवस टिकेल, डिस्क किती खाईल, किरकिरेल का, चाकावर काळी भुकटी किती उडवेल, यातलं काहीही ही अक्षरं सांगत नाहीत. शिवाय प्रत्येक अक्षराचा पट्टा चांगला रुंद आहे. दोन्ही एफएफ असलेले दोन पॅड पायाखाली अगदी वेगळे वाटू शकतात. तरी त्या दोन अक्षरांच्या मधल्या फटीत पॅडचा स्वभाव दिसतो.

गिऱ्हाइकाला पहिलं अक्षर आवडतं. गॅरेजमधून गाडी काढली, पेडलला पाय लागला आणि नाक खाली दाबून गाडी जागच्या जागी उभी राहिली, की ‘आता खरा ब्रेक लागला’ अशी दाद जाते ती पहिल्या अक्षराला. दुसरं अक्षर कळायला घाट उतरावा लागतो. जीई लिहिलेला पॅड गॅरेजच्या दारात एफएफपेक्षा जोरकस वाटेल आणि उतार संपता संपता त्याच्या मागे पडेल. मला विचाराल तर भरलेल्या पिकअपला एफएफच. थंड असताना आणि तापल्यावर एकाच अक्षरावर उभा राहणारा पॅड म्हणजे दोन तास गाऊन झाल्यावरही ज्याचा षड्ज जागचा हलत नाही असा गायक. पहिल्या दहा मिनिटांत टाळ्या घेणं हा त्याचा पिंड नव्हे.

घाटाचा हा आग्रह का, ते हिशेबानंच पाहावं. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणकडे निघालेली पिकअप माळशेज घाट उतरते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा, उतार पाचशे मीटरचा धरा. शाळेतलं भौतिकशास्त्र सांगतं की या उतारात जवळपास 147 लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेनं पन्नास लिटर पाणी उकळीला येईल. हीच गाडी सपाटीवर ताशी 60 किलोमीटरवरून थांबवायला सव्वाचार लाखांच्या आतबाहेर ज्यूल लागतात. म्हणजे घाट एकदा उतरणं हे साठच्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतकं झालं, आणि मध्ये गार व्हायला उसंत जवळजवळ नाही. यातला मोठा वाटा इंजिननं उचलायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून उतरणारा ड्रायव्हर तो त्याला उचलू देतो. चार पैशांचं डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारा मात्र सगळं ओझं ब्रेकवर टाकतो. त्याला कुठलाच पॅड पुरणार नाही, आणि त्याच्यासाठी पॅड निवडत बसण्यात मला रसही नाही.

आता पॅडच्या अंगाकडे येऊ. बोटभर जाडीचा तो करडा थर दिसायला एकजीव दगडासारखा, पण आत डझन-दोन डझन पदार्थांची गर्दी असते. सगळ्यांना धरून ठेवणारी फिनॉलिक राळ, मजबुतीला पोलादाचे किंवा अ‍ॅरामिडचे धागे, भरावाला बॅराइटची पूड. यांच्यात काही गूढ नाही. गंमत आहे ती पुढच्या जोडीत. पकड यावी म्हणून याच मिश्रणात अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कॉनसारखे कठीण, खरवडणारे कण घालतात आणि त्याच घमेल्यात ग्राफाइट घालतात, जे वंगण आहे. एक डिस्कला ओरबाडायला बसलेला, दुसरा तिला निसटू द्यायला. वाहन थांबवण्याच्या वस्तूत वंगण कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. नुसते खरवडणारे कण ठेवले तर पॅड डिस्क खाऊन टाकील, झटके देईल, किंचाळेल. ग्राफाइट ती पकड मऊ करतं, सलग करतं. मिश्रण करणाऱ्याचं कसब या दोघांचं भांडण मिटवण्यात नाही, ते नेमक्या जागी चालू ठेवण्यात आहे. चांगल्या पॅडवर पाय हळूहळू दाबत नेला की गाडीही तितक्याच हळूहळू वेग सोडते, पायाच्या दाबाला हिशेबानं उत्तर देते. ते या भांडणाचंच फळ.

आणखी एक घटक आपल्याकडच्या माणसाला ऐकून बरं वाटावं असा आहे: काजू. गर नव्हे, टरफलातलं तेल. कोकणात काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात ते याच्याच चटक्यापासून वाचायला. हे तेल गाळून, त्याची राळ बनवून, ती कडक झाली की दळतात आणि ती तपकिरी भुकटी पॅडच्या मिश्रणात मिसळतात. भुकटीचे कण थोडे लवचीक राहतात. त्यामुळं पॅडचा आवाज दबतो आणि कमी तापमानात पकड एकसारखी राहते. जगभर ब्रेकच्या पॅडात आणि लायनरात काजूची ही भुकटी वापरतात. टरफलाला याहून मानाची जागा मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

या धंद्याची सुरुवातही अशीच हाताशी असेल त्यातून झाली. इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं घोडागाड्यांचे ब्रेक पाहिले. उतारावर पकड यावी म्हणून गाडीवान लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचं कातडं ठोकत, अशी गोष्ट सांगतात. 1897 साली त्यानं घर्षणाच्या वस्तू बनवायचा धंदा काढला आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून, त्यांत बायकोच्या एलिझाबेथ या नावाचा ई घालून ‘फेरोडो’ हे नाव बनवलं. पुढं मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना उभा राहिला. 1902 साली फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यात तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळत. त्यावर उतारा सापडला अ‍ॅस्बेस्टॉसचा. उष्णता सोसणारा, गप्प राहणारा, स्वस्त धागा. पॅडसाठी याहून चांगला धागा नाही असं कित्येक दशकं वाटत राहिलं, आणि ब्रेकच्या कसोटीपुरतं ते खोटंही नव्हतं. पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी माणूस मारते. म्हणून आजही जुना ड्रम उघडला की एअरच्या पाइपनं धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. गॅरेजात हे सांगितलं की हसतात. तरी सांगावं.

उत्तम पॅड घाटात दगा देतात ते कसे, हेही पाहण्यासारखं आहे. सगळ्यांना बांधून ठेवणारी राळ तीनशे-साडेतीनशे अंशांपुढं विघटित होऊ लागते आणि तिच्यातून वायू सुटतो. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये त्या वायूचा पातळ थर बसतो आणि पॅड त्यावर तरंगतो. पेडल कडक लागतं, पाय पूर्ण जोर लावतो, गाडी मात्र थांबायचं मनावर घेत नाही. दुसरा दगा वेगळा असतो: पेडल मऊ होऊन खाली जातं. तिथं दोष पॅडचा नसतो, ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ड्रायव्हरच्या तोंडी दोन्हीला ‘ब्रेक फेल’ हा एकच शब्द. कारण मात्र कडक पेडल आणि मऊ पेडल यांतल्या फरकावरून ओळखता येतं.

इथं भारीतल्या पॅडची एक खोच आहे. जड कामाला सेमी-मेटॅलिक पॅड घ्यावेत हे मलाही पटतं. त्यांत वजनानं 30 ते 65 टक्के धातू असतो, ते उष्णता सोसतात आणि तापल्यावरही अक्षर सोडत नाहीत. सिरॅमिक पॅड शांत, स्वच्छ, शहरातल्या मोटारीला शोभणारे. क्रेट वाहणाऱ्या गाडीला ती नजाकत कशाला? पण धातू उष्णता सोसतो तशी ती पुढंही पोचवतो. डिस्कवरची धग पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत जाते. डॉट 3 ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की हीच किमान मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची नव्यात 230 आणि जुनं झाल्यावर 155. म्हणजे महागडे पॅड टाकले आणि ऑइल तीन पावसाळे तेच ठेवलं, तर कडक पेडलचा धोका कमी करून मऊ पेडलचा वाढवला. कोकणात आणि घाटमाथ्यावर ओलाव्याला तोटा नाही. गाडीला चालेल त्या ग्रेडचं ताजं ऑइल भरून हवा काढून घेणं हा या सुधारणेचाच अर्धा भाग समजावा.

पॅडच्या बारीक कारागिरीवर फार रेंगाळत नाही. कडा तिरक्या कापलेल्या असतात त्या किंचाळी कमी व्हावी म्हणून. मधली खाच वायूला आणि धुळीला वाट देते. पाठीचा शिम थरथर गिळतो. लोखंडी जीभ पॅड झिजल्यावर डिस्कला लागून चिरकते, आणि कित्येक ड्रायव्हर तो आवाज वाढवलेल्या गाण्याखाली बुजवून महिनाभर ओढतात. पण पॅडच्या शेजारच्या एका वस्तूसाठी थांबायलाच हवं. कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं. पाय दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित पिळलं जातं. पाय उचलला की सील मूळ आकारात परततं आणि जाता जाता पिस्टनला केसभर मागं ओढतं. तेवढ्या केसभर फटीत चाक मोकळं फिरतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढं घसरून नवी जागा धरतो, फट तेवढीच राहते. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, जुळवणी नाही. सगळ्या ब्रेकमधली माझी सर्वांत आवडती जागा ही. नवे पॅड बसवताना कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं नाही, तर या सुंदर योजनेवर पाणी पडतं: एक पॅड अडकून बसतो, तापतो, आणि गाडी एका बाजूला ओढू लागते.

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण काम करत नाहीत, आणि मिस्त्रीनं हे सांगायला हवं. आधी पॅडनं स्वतःचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर चढवायचा असतो. पुढं घर्षण होतं ते मुख्यतः पॅड आणि हा थर यांच्यात. तो सारखा बसावा म्हणून मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोरानं वेग उतरवावा, पुन्हा वाढवावा, थोडं गार होऊ द्यावं आणि असं बऱ्याचदा करावं. कंपनीनं वेगळी रीत दिली असेल तर ती पाळावी. गाडी पूर्ण थांबवून पाय तसाच दाबून ठेवला तर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि मग ब्रेक मारताना पेडल धडधडतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. ती बहुतेकदा वाकलेली नसते, तिच्यावर थर कमीजास्त बसलेला असतो. नव्या पॅडमधली राळही पहिल्यांदा तापताना वायू सोडते. म्हणून पॅड टाकले आणि त्याच संध्याकाळी माल भरून घाट गाठला, हे काही खरं नाही.

एक अपेक्षा आधीच मोडलेली बरी. सपाटीवर, थंड ब्रेकवर, एकदाच करकचून थांबायचं असेल तर पॅड बदलल्यानं अंतर फारसं घटत नाही. जुने पण शाबूत पॅडही चाक लॉक करण्याइतका जोर लावतातच, आणि तिथून पुढं मर्यादा टायरची. या सुधारणेची किंमत वसूल होते ती उतारावरच्या तिसाव्या वळणावर.

राहिली मागची बाजू. पिकअपला पुढं डिस्क, मागं ड्रम. बऱ्याच गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेल्या दांडीवर एक व्हॉल्व्ह असतो. मालामुळं मागची बाजू किती दबली ते पाहून तो मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. भरलेली असेल तर जास्त. आता आपल्याकडं पिकअप घेतली की जादा मालासाठी मागच्या स्प्रिंगचा पाटा वाढवून घ्यायची रीत आहे. पाटा वाढला की तेवढ्याच मालाला गाडी कमी दबते. व्हॉल्व्हला वाटतं माल थोडाच आहे. तो मागचा दाब रोखतो आणि तीन टनांचं बरंचसं ओझं पुढच्या दोन डिस्कवर पडतं. पुढचे पॅड सहा महिन्यांत संपतात, कंपनीला शिव्या बसतात आणि मालक आणखी भारीतले पॅड शोधत फिरतो. पाटा काढायचा नसेल तर निदान त्या दांडीची जुळवणी गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं जाणकाराकडून पुन्हा करून घ्यावी आणि ड्रम उघडून मागचे लायनर पाहावेत. पॅडवर पैसे घालायचे ते त्यानंतर.