बौद्धिक दिव्यांग प्रौढांची आरोग्य तपासणी : धोरणाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : जुने शहर, अकोला)

बौद्धिक अक्षमतेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने शिक्षण आणि पुनर्वसन या अंगांनी झाला. आरोग्याचे अंग उपेक्षित राहिले. पोटातील वेदना शब्दांत सांगता न येणारी व्यक्ती चिडते, जेवण नाकारते, स्वतःला मारून घेते. हे वर्तन ‘मतिमंदपणाचाच भाग’ मानले गेले की मूळ आजार झाकला जातो. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचे विकार, श्रवणदोष आणि अकाली स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण अधिक आढळते. तक्रारीची वाट न पाहता तपासणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते. इंग्लंडमध्ये २००८-०९ पासून कुटुंब-डॉक्टरांमार्फत अशी वार्षिक तपासणी होते.

भारतीय धोरणात मात्र वयाची एक भिंत दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २५ बालकांच्या वार्षिक तपासणीचा उल्लेख करते. प्रौढांसाठी तशी तरतूद नाही. २०१३ चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठराव्या वर्षी थांबतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण असून नियमित तपासणीचा खर्चही समाविष्ट आहे. परंतु विमा खर्चाची भरपाई करतो; तपासणीसाठी कोणाला बोलावत नाही. तिशीनंतरच्या असंसर्गजन्य आजारांच्या सर्वेक्षणात आशा कार्यकर्ती प्रश्नावली भरते. ती प्रश्नावली उत्तर देऊ शकणारी व्यक्ती गृहीत धरते. थोडक्यात, हक्क आहे, निधी आहे; उत्तरदायित्व कोणाचेच नाही.

मोर्णेच्या पश्चिम तीरावरील जुने शहर ही अकोल्याची मूळ वस्ती. २००२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय नदीच्या पूर्वेस आहे. प्रमाणपत्रासाठी कुटुंब पूल ओलांडते. पण प्रमाणपत्र अक्षमतेची टक्केवारी नोंदवते, रक्तदाब किंवा किडलेले दात नव्हे. पुढे मुलगा चाळिशीत आणि आई सत्तरीत पोहोचते, तेव्हा त्याच्या दुखण्याची भाषा जाणणारी ती एकमेव व्यक्ती उरते. तिच्यानंतर ते ज्ञान कोठेही नोंदलेले नसते.

उपाय खर्चिक नाही. दिव्यांग ओळखपत्रांच्या यादीवरून नागरी आरोग्य केंद्राने वर्षातून एकदा निमंत्रण द्यावे. वजन, रक्तदाब, कान, डोळे, दात व थायरॉइड तपासावेत. आणि पालकाने सांगितलेली वेदनेची लक्षणे त्याच कागदावर नोंदवावीत. ही नोंद होत नाही तोवर कलम २५ मधील आरोग्याचा हक्क प्रौढ बौद्धिक दिव्यांगांपुरता कागदावरच राहील.