समांतर जगाचं दार उघडतं, पण किंमत कोण मोजतं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी गाइडसमोर एक वाक्य ठेवलं होतं : ‘किशोर फँटसीतलं समांतर जग हे मुक्तीचं प्रतीक आहे.’ त्यांनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, ‘बरं. मग मुलं परत येताना काय होतं?’ मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय शोधताय, म्हणून हे सांगतोय. ‘कशाचं प्रतीक?’ या प्रश्नाला कुठलंही उत्तर चालतं आणि तिथेच तो फसवतो. त्याऐवजी तीन साधे प्रश्न घ्या. दार कोण उघडतं? परत येता येतं का? आणि त्या येण्याजाण्याची किंमत कोण मोजतं? या तिन्हींची उत्तरं पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतात. (पुढे शेवट फोडलेत, आधीच सांगतो!)

सी. एस. लुइस यांचं 1950चं नार्नियाचं पुस्तक घ्या. चार भावंडं कपाटातून पलीकडे जातात, तिथे राज्य करत मोठी होतात आणि परततात तेव्हा इथे जवळजवळ वेळ गेलेलाच नसतो. ती पुन्हा लहान झालेली असतात. घरच्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. प्रवास जवळपास फुकट पडतो.

डायाना विन जोन्स यांच्या 1988च्या ‘द लाइव्ह्ज ऑफ ख्रिस्तोफर चांट’मध्ये हिशेब वेगळा आहे. ख्रिस्तोफर झोपेत दुसऱ्या जगांत जातो. त्याचा लाडका मामा त्याच्याकडून तिथला माल आणवून घेतो. पोराला वाटतं, आपण प्रयोग करतोय. खरं तर त्याच्याकडून तस्करी करवली जात असते. त्याला नऊ जीव आहेत आणि ते एकेक करून जातात. म्हणजे इथे किंमत मूल मोजतं आणि नफा मोठ्या माणसाच्या खिशात जातो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो : फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्रिधारा (1995, 1997, 2000). दुसऱ्या भागात आपल्या जगातल्या विलला एक सुरी मिळते, तिने हवेत खिडकी कापून दुसऱ्या जगात जाता येतं. वाचताना आपण हरखून जातो. कितीतरी खिडक्या कापल्या जातात आणि आपण प्रत्येक वेळी विलच्या बाजूने असतो. मग तिसऱ्या भागाच्या शेवटी कळतं की सुरीने उघडलेल्या प्रत्येक खिडकीमागे एक स्पेक्टर, म्हणजे मोठ्या माणसांचं भान गिळणारी छाया, जन्माला आलीये. शिवाय खिडक्यांमधून डस्ट, म्हणजे जाणिवेशी जोडलेलं द्रव्य, गळतंय. आणि परक्या जगात माणूस फार वर्षं धडधाकट जगू शकत नाही. खिडक्या बंद कराव्या लागतात. विल आणि लायरा एकमेकांवर प्रेम करतात, पण त्यांना कायमचं वेगळं व्हावं लागतं. एकच खिडकी उघडी ठेवता येते, आणि ती मृतांना बाहेर पडण्यासाठी हवी असते.

मला हे पुस्तक मोठं वाटतं ते इथे. आपण मजेत वाचलेली साहसं मागे वळून पाहताना बदलतात. ती मजा दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर चालली होती, आणि आपणही तिला टाळ्या वाजवत होतो.

पण आवडतं पुस्तक म्हणून सूट देऊ नका. ‘परक्या जगात टिकता येत नाही’ हा नियम ताटातुटीला इतका सोयीचा आहे की लेखकाने तो शेवटासाठीच आणला, असा आक्षेप घेता येतो. मीही तो घेतला होता. नंतर दुसरा भाग पुन्हा वाचला. परक्या जगात राहिलेले विलचे वडील तिथेच आजारी दिसतात. म्हणजे बीज आहे, पण नियम म्हणून तो उशिराच उच्चारला जातो. माझं मत असं : स्पेक्टरचा धक्का पुस्तकाने कमावलाय, कारण सुरीचा आणि त्यांचा संबंध आधीपासून सुचवलेला आहे. आयुष्याच्या मर्यादेचा नियम मात्र अर्धाच कमावलाय. तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त ते पानांवरून दाखवा.

हेच तीन प्रश्न मराठीत लावून बघा. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अपघाताने अशा जगात पोचतात जिथे पानिपतात मराठे जिंकलेत. परत येताना हातात उरतं बखरीचं एक पान. तिथे सगळा जोर ‘हे घडलं कसं?’ यावर आहे. दार कुणी मुद्दाम उघडलेलंच नाही, त्यामुळे किंमतीचा प्रश्न मागे पडतो. ही उणीव म्हणायची की कथेचा प्रकारच वेगळा? इथे एक छोटा शोधनिबंध दडलाय.

तर आज एक काम करा. लहानपणी आवडलेलं असं एक पुस्तक काढा, वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक प्रवासापुढे पान क्रमांक लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो का रिकामा आहे, हाच तुमचा संशोधनप्रश्न.