मुक्त दाराचा उंबरठा

'मुक्त' हे विशेषण आपल्याकडे फार लवकर आवडते होते. मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ, मुक्त अर्थव्यवस्था. आणि गेल्या पाव शतकात मुक्त सॉफ्टवेअर आणि मुक्त ज्ञानकोश. ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते ते मुक्त सॉफ्टवेअर. ज्याचे पान कोणालाही दुरुस्त करता येते तो मुक्त ज्ञानकोश. दार उघडे आहे, ज्याला यायचे त्याने यावे. या वाक्यातली 'ज्याला' आणि 'त्याने' ही पुल्लिंगी रूपे मी मुद्दामच तशी ठेवली आहेत.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही, साहित्याचा प्राध्यापकही नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिता लिहिता संगणक शिकलो आणि वाचनाच्या जुन्या खोडीमुळे मुक्त ज्ञानकोशाच्या नादी लागलो. तेव्हा पुढचे विवेचन एका हौशी माणसाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र आकड्यांकडे संशयाने पाहण्याची सवय मला हिशेबाच्या वहीनेच लावली.

आकडे असे आहेत. युरोपीय आयोगाच्या निधीतून झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. त्याच काळात बंदिस्त, पगारी सॉफ्टवेअरच्या जगात ते सुमारे २८ टक्के होते. २०१७ साली गिटहबने केलेल्या पाहणीत ९५ टक्के उत्तरदाते पुरुष होते आणि स्त्रिया ३ टक्के. विकिपीडियाची पहिली मोठी पाहणी २००८ची. तिच्यात संपादकांतल्या स्त्रिया १३ टक्क्यांच्या आसपास निघाल्या, आणि २०११ साली हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी २०१५पर्यंत तो २५वर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते गाठले गेले नाही. पुढे २०१३मध्ये बेंजामिन माको हिल आणि अ‍ॅरन शॉ या संशोधकांनी दाखवून दिले की, ती पाहणी भरून देण्यातच स्त्रियांचा वाटा कमी पडला होता. तो दोष दुरुस्त केला की प्रमाण १६ टक्क्यांवर जाते. हा निबंध मला विशेष आवडतो, कारण तो कोणाचीच बाजू सोपी करत नाही. दरी आहे, पण सांगितली गेली तेवढी नाही. आणि ती मोजण्याचे साधनही त्याच दरीत सापडलेले आहे.

दीड आणि २८ यांच्यातला फरक मात्र कोणत्याही दुरुस्तीने भरून निघणारा नाही. स्त्रियांना संगणकाची आवड कमी, हे नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही. आवड नसती तर पगारावर २८ टक्के कुठून आल्या असत्या? 'वेळ नसतो' हे उत्तर अधिक खरे आहे. फुकट काम करण्यासाठी रात्रीचे दोन तास लागतात, आणि ते कोणाच्या घरात कोणाला मिळतात हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण तेही अपुरे वाटते, ते पुढच्या प्रकरणामुळे. ग्नोम हा मुक्त सॉफ्टवेअरचा एक नामांकित प्रकल्प. २००६ साली त्याने विद्यार्थ्यांकडून उन्हाळी कामासाठी अर्ज मागवले. १८१ अर्ज आले, त्यांत एकही मुलीचा नव्हता. संयोजकांना धक्का बसला. त्यांनी पैशाची जुळवाजुळव करून केवळ मुलींसाठी सहा जागा काढल्या, तर त्यांना सुमारे १०० अर्ज आले. त्याच वर्षी, त्याच कामासाठी. दार पहिल्यांदाही उघडेच होते. आपल्याला कोणी बोलावले आहे, हे दुसऱ्यांदा कळले एवढेच. त्यातूनच पुढे आउटरीची हा उपक्रम उभा राहिला.

आता ज्या अभ्यासाचा सर्वाधिक गवगवा झाला, त्याकडे वळतो. गिटहबवर कोणीही दुसऱ्याच्या प्रकल्पात बदल सुचवू शकतो. प्रकल्पाचे मालक तो स्वीकारतात किंवा नाकारतात. अशा लाखो सूचना तपासून अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१६मध्ये निष्कर्ष मांडला की, स्त्रियांच्या सूचना ७८.६ टक्के वेळा स्वीकारल्या जातात, पुरुषांच्या ७४.६ टक्के. मात्र प्रकल्पाला अपरिचित असलेल्या स्त्रीचे स्त्रीपण तिच्या नावावरून वा छायाचित्रावरून कळत असेल, तर तिच्या सूचनांचा स्वीकार ७१.८वरून ६२.५ टक्क्यांवर उतरतो. वर्तमानपत्रांनी याचे 'स्त्रिया सरस, तरीही नाकारल्या' असे मथळे केले. मूळ निबंध इतका ठाम नाही. ओळख उघड असली की अपरिचित पुरुषांचाही स्वीकार घटतो. स्त्रियांचा अधिक घटतो, एवढेच तो म्हणतो. शिवाय प्रकल्पात रुळलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही घसरण दिसत नाही. म्हणजे अडथळा घरात नाही, उंबरठ्यावर आहे. माझ्या मते निबंधाचे खरे मोल या बारकाव्यात आहे, आणि मथळ्यांनी नेमका तोच गमावला.

हे वाचताना मला एक गोष्ट सुचली, जी इंग्रजीत लिहिणाऱ्या या संशोधकांना सुचण्याचे कारण नव्हते. त्यांच्या अभ्यासात 'लिंग न कळणारी' सदस्य असा एक गट आहे. मराठीत असा गट जवळजवळ संभवत नाही. मराठी ज्ञानकोशाच्या चर्चापानावर टोपणनावाने येणारी बाई 'मी दुरुस्ती केली' असे लिहीपर्यंत सुरक्षित असते, कारण तिथे क्रियापद दुरुस्तीच्या मागे जाते. 'मी दुरुस्ती करीन' इथेही ती लपते. पण 'मी पाहते', 'मी थांबले', 'मी सहमत नव्हते' असे काही म्हटले की संपले. वर्तमानकाळात आणि बहुतेक अकर्मक भूतकाळात आपली भाषा बोलणाऱ्याला लपू देत नाही. काही स्त्रिया कचेरीच्या मराठीचा आसरा घेतात: 'दुरुस्ती करण्यात आली आहे', 'सहमती नाही'. त्या भाषेच्या रूक्षपणाला आपण नावे ठेवतो, पण तिचा हाही एक उपयोग आहे.

सहभागाचा प्रश्न शेवटी मजकुरात उतरतो. २०१३च्या एप्रिलमध्ये अमेरिकी कादंबरीकार अमांडा फिलिपाची यांच्या लक्षात आले की, इंग्रजी विकिपीडियावरच्या 'अमेरिकन कादंबरीकार' या वर्गातून लेखिकांची नावे एकेक करून 'अमेरिकन स्त्री कादंबरीकार' या उपवर्गात हलवली जात आहेत. पुरुषांसाठी असा उपवर्ग नव्हता. ते नुसते कादंबरीकार राहिले. यावर मराठी वाचकाने हसण्याआधी आपले वाङ्मयेतिहास उघडावेत. कथा, कादंबरी, कविता अशी प्रकरणे संपल्यावर 'स्त्रियांचे लेखन' हे वेगळे प्रकरण येते, आणि कथेवरच्या प्रकरणात मग त्यातल्या निम्म्या नावांना जागा उरत नाही.

यापेक्षा गाजलेले प्रकरण डोना स्ट्रिकलंड यांचे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावे लेख नव्हता. पारितोषिकातले त्यांचे सहमानकरी, एकेकाळचे मार्गदर्शक जेरार मुरू यांच्यावर होता. त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी स्ट्रिकलंड यांच्यावर लिहिलेला मसुदा, पुरेशी उल्लेखनीयता सिद्ध होत नाही म्हणून परत गेला होता. त्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होऊन गेल्या होत्या, तरीही. ज्याने मसुदा परत केला त्याला अनेकांनी दुष्ट ठरवले. मी ठरवणार नाही. त्याने नियम पाळला. नियम असा की, विषयाशी संबंध नसलेल्या इतरांनी त्या व्यक्तीबद्दल भरीव लिहिलेले असले पाहिजे. अफवा आणि जाहिराती रोखायला हा नियम हवाच. पण ज्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेच नाही, त्यांचे मौन तो पुढच्या पिढीकडे जसेच्या तसे सोपवतो.

ताराबाई शिंदे यांचे उदाहरण घेऊ. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२चे. जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि त्यानंतर नव्वद वर्षे जवळपास शांतता. स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा ताराबाई अभ्यासाचा विषय झाल्या. १९७४ साली एखादा मुक्त ज्ञानकोश असता आणि कोणी त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर नियमाप्रमाणे त्या वगळाव्या लागल्या असत्या. वगळणारा प्रामाणिक, अभ्यासू, कदाचित स्त्रीशिक्षणाचा पुरस्कर्ताही असू शकला असता. पुस्तक १९७४मध्येही तेच होते. १९७५मध्ये फक्त संदर्भ आला.

फ्रान्चेस्का त्रिपोदी यांचा २०२१चा निबंध हेच आकड्यांत दाखवतो. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांची चरित्रे तेव्हा पाचांत एकही नव्हती, पण वगळण्यासाठी पुढे आलेल्या चरित्रांत त्यांचा वाटा काही महिने ४० टक्क्यांवर गेला. त्यांतली बरीच पुढे राखली गेली. पण राखण्यासाठी कोणाला तरी भांडावे लागले, आणि ते भांडण लेख लिहिणारीच्या रात्रीच्या दोन तासांतून वजा झाले.

इथे मला स्वतःबद्दल सांगितले पाहिजे. काही वर्षे मी एका मुक्त ज्ञानकोशात नव्या पानांवर नजर ठेवण्याचे काम स्वेच्छेने करत होतो. एका नव्या सदस्येने एका दिवंगत बाईंवर लेख लिहिला. बाईंनी जात्यावरच्या ओव्या जमवून दोन पुस्तके पदरमोड करून छापली होती. लेखाला संदर्भ एकच, तोही महिला मंडळाच्या स्मरणिकेचा. मी 'वगळावे' असा साचा लावला आणि सात दिवसांची मुदत दिली. चर्चापानावर उत्तर आले: 'मी संदर्भ शोधते आहे.' शोधते, म्हणजे बाई आहे, हे मी वाचले. त्याच आठवड्यात क्रिकेटपटूंची तितकीच फाटकी पाच-सहा पाने माझ्यासमोरून गेली होती. त्यांना मी हात लावला नव्हता. तेव्हा हे मला दिसले नाही. ते स्वतःचा नोंदवलेला इतिहास उलगडताना, हा लेख लिहायला बसल्यावर दिसले. आठव्या दिवशी पान गेले.

गेल्या पावसाळ्यात जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यात त्या ओव्यांच्या पहिल्या पुस्तकाचे दीड पानी परीक्षण मिळाले. नंतर एका प्रबंधात दुसऱ्या पुस्तकाचा सविस्तर उल्लेख सापडला. स्मरणिका धरून संदर्भ तीन झाले. मसुदा मी पुन्हा माझ्या धूळपाटीवर मांडला आहे आणि त्या सदस्येच्या चर्चापानावर तसा निरोप ठेवला आहे. तिच्या खात्यावरची शेवटची नोंद अजून 'शोधते आहे' हीच आहे.