ऐतिहासिक चित्रपटांतील कृत्रिम शस्त्रे व अलंकार : कोल्हापूरची कारागिरी आणि संगणक-नियंत्रित राउटर

मराठी चित्रपटसमीक्षेने ऐतिहासिक चित्रपटाचा विचार करताना कथानकाची सत्यासत्यता, संवादांची भाषा आणि नायकाचा अभिनय यांची चर्चा विपुल केली आहे. नायकाच्या हातातील ढाल कशाची बनविली आहे, तिचे वजन किती आणि त्या वजनाचा त्याच्या चालण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र तिने कपडेपट सांभाळणाऱ्यांवर सोपविलेला दिसतो. संगणक-नियंत्रित राउटर आणि पत्राकामाची आधुनिक हत्यारे यांच्या साहाय्याने शस्त्रे, चिलखते व अलंकार घडविणे सुलभ झाल्यामुळे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात तो कोल्हापूरच्या संदर्भात तपासला आहे. चित्रपटनिर्मिती, यंत्रकारखाने, दागिन्यांची घडण आणि मर्दानी खेळ या चारही परंपरा या एकाच परिसरात नांदत आल्या आहेत.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. आनंदराव पेंटर यांचे १९१६ मध्ये निधन झाल्यावर बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. म्हणजे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मुळाशी लेथ आणि कानस होती, हे विसरता कामा नये. ‘सैरंध्री’ (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य प्रेक्षकांना इतके खरे वाटले की त्यास सेन्सॉरची कात्री लागली. हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही; त्यामुळे त्यातील साहित्याचे परीक्षण करणे शक्य नाही. परंतु त्या काळातील फिल्मचा एक गुणधर्म येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ती निळ्या प्रकाशाला अधिक आणि पिवळ्या-तांबड्या प्रकाशाला फारच कमी प्रतिसाद देत असे. सोनेरी मुलामा डोळ्यांना झळाळता दिसला तरी पडद्यावर तो काळसर उतरण्याचा संभव असे. अशा फिल्मवर काम करणाऱ्यास वस्तू जशी आहे तशी बनवून भागत नसे. ती पडद्यावर जशी दिसावयास हवी तशी घडवावी लागे.

येथे फौंड्रीतील एक संकल्पना उपयोगी पडते. शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतील पॅटर्नमेकर लाकडाचा नमुना करतो, तेव्हा तो मूळ भागाच्या मापाचा कधीच नसतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बिडासाठी सुमारे एक टक्का आणि ॲल्युमिनियमसाठी त्याहून थोडे अधिक माप वाढवून धरावे लागते. शिवाय वाळूतून नमुना अखंड निघावा म्हणून कडांना उतार द्यावा लागतो. कारागीर त्यास ‘अलाउन्स’ म्हणतात. नमुना म्हणजे वस्तूची नक्कल नव्हे. पुढे काय घडणार आहे हे जाणून मापात केलेला तो विचारपूर्वक बदल होय. रंगभूमीवरील वा चित्रपटातील शस्त्राचे स्वरूपही नेमके असेच असते. कॅमेऱ्याचे अंतर, प्रकाश आणि नटाचे शरीर या तिहींचा अलाउन्स त्यात असावा लागतो. राउटरवर घडविलेल्या साहित्याची उणीव यंत्रात नसून अलाउन्सविना केलेल्या रेखाटनात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ढालीचे उदाहरण घेऊ. मराठा ढालीवरील चार फुले केवळ शोभेची नसतात. आतील बाजूस मुठीच्या कड्या ज्या रिव्हेटांनी बसविलेल्या असतात, त्यांचीच ती बाहेरील डोकी होत. म्हणून फुलांची जागा मुठीवरून ठरते आणि मुठीची जागा हाताच्या पंजावरून. राउटरवर एमडीएफमध्ये कोरलेल्या ढालीत छायाचित्रावरून फुले उठविली जातात आणि मागे हातपट्टा जेथे सोयीचे तेथे चिकटविला जातो. समोरून दोष दिसत नाही. परंतु नटाने ढाल उचलताच ती एका बाजूस झुकते आणि तो ती सावरू लागतो. यंत्राची आणखी एक खूण जाणकारास ओळखता येते. सहा मिलिमीटरच्या बिटाने आतला कोपरा तीन मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईचा निघूच शकत नाही. त्यामुळे नक्षीचा प्रत्येक आतील कोन सारखाच बोथट राहतो. तेथे छिन्नी फिरवावयास अर्धा दिवस पुरेल. तो अर्धा दिवस देण्याची तयारी मात्र क्वचितच आढळते.

दांडपट्ट्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, त्यामुळे पुढील काळात पडद्यावर त्याचे दर्शन वाढण्याची शक्यता आहे. पट्ट्याचे पाते लांब, दुधारी आणि लवचीक असते. मूठ झाकणारे लोखंडी कवच मनगट ओलांडून कोपराच्या दिशेने जाते आणि आत आडवी दांडी पकडावी लागते. परिणामी मनगट जवळजवळ बांधले जाते. वार कोपर, खांदा आणि कमरेतून निघतो, आणि पट्टेकऱ्यास सतत फिरते राहावे लागते. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ पाहिलेल्या कोणासही हे भोवरणे परिचित आहे. आता निर्मितीची साखळी पाहावी. लाकडासाठी बनविलेल्या राउटरवर स्प्रिंगचे पोलाद कापणे अवघड, ॲल्युमिनियमचा पत्रा त्या मानाने सोपा. म्हणून ॲल्युमिनियम निवडले जाते. त्याचे वजन पोलादाच्या जवळपास एकतृतीयांश. मऊ जातीचा पत्रा वाकला की वाकलेलाच राहतो, म्हणून तो जाड घेतला जातो आणि पात्याची लवचीकता संपते. कवच आखूड केले की नटाचे मनगट मोकळे होते आणि तो पट्टा तलवारीसारखा चालवू लागतो. म्हणजे यंत्राला काय कापता येते, यावरून अखेरीस बाजीप्रभूंची भूमिका करणारा नट कसा लढेल हे ठरले. मूकपटात शस्त्राला आवाज नव्हता, त्यामुळे तेथे निदान ही विसंगती उघडी पडत नसे. आज हलक्या पात्याला ध्वनिमुद्रणात पोलादाचा खणखणाट उसना दिला जातो. डोळ्यांना एक वजन दिसते आणि कानांना दुसरेच ऐकू येते.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सामूहिक लढाईच्या दृश्यात मागच्या रांगेतील माणसांच्या हाती फोमची शस्त्रेच योग्य. समीपदृश्यातील नायकाच्या हाती मात्र धार मारलेले, परंतु खऱ्या वजनाचे शस्त्र देण्यास हरकत नसावी. दोन्हीसाठी एकच साचा वापरणे ही काटकसर नव्हे.

अलंकारांची गोष्ट थोडी निराळी आहे. कोल्हापुरी साजातील पानड्या ठशावर उठविलेल्या पातळ पत्र्याच्या असतात आणि त्यांची पोकळी लाखेने भरलेली असते. पातळ पत्र्यास भरीव रूप देण्याची ही युक्ती कृत्रिम साहित्य करणाऱ्याच्याच जातकुळीतील आहे. तेव्हा ‘खरा दागिना’ आणि ‘खोटा दागिना’ असा सरळ भेद येथे टिकत नाही. राउटरवर पितळी ठसा कोरून त्यावर पत्रा हाताने ठोकला, तर यंत्राची अचूकता आणि हातोडीची किंचित असमानता दोन्ही मिळतात. एकाच फाइलमधून रेझिनच्या एकवीस पानड्या काढल्या, तर एकवीसही प्रकाश सारखाच परावर्तित करतात आणि नायिकेच्या गळ्यात छापील चित्र असल्याचा भास होतो. हुपरीच्या चांदीकामात ठसा आणि हात यांची अशी सांगड नवीन नाही. अडचण एवढीच की, कलादिग्दर्शक रेखाटन घेऊन थेट राउटरवाल्याकडे जातो. हुपरीच्या कारागिराकडे जात नाही, आणि तालमीतील वस्तादाकडे तर चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी, नटाला चार हात शिकवावयाचे म्हणून जातो. शस्त्राचे माप ठरविताना वस्तादास विचारले गेले असते, तर पट्ट्याचे कवच दोन बोटे लांब झाले असते.