घुमटाची साक्ष आणि घरचे ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण हे काम एकेकाळी मोठ्या शहरांतील मोजक्या वास्तूंतच चालत असे. आज ते घराघरांत येऊन पोहोचले आहे. पणजी, बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील एखाद्या राहत्या घराच्या मागल्या खोलीत एक संगणक, एक-दोन मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर आरत्या, भावगीते, मांडो आणि नाट्यपदे मुद्रित होत आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या घरगुती मुद्रणांत एक न्यून वारंवार कानांस खटकते आणि ते तालाच्या बाजूचे आहे. गळा खरा असतो, पेटी वा व्हायोलिन खरे असते. ताल मात्र कोठून तरी उसना आणलेला असतो. ‘आमच्या स्टुडिओतील तालवाद्यांची सामग्री आता सुधारली’ असे अभिमानाने सांगण्यात येते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच निघतो की नवे पॅड आले, नवे सॅम्पल-संच आले आणि वादक घरी बसला. यास सुधारणा म्हणावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ड्रम हे मोठ्या आवाजाचे वाद्य आहे. चाळीत किंवा सदनिकेत रात्री दहानंतर ते वाजविणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर घेणे होय. त्यास मायक्रोफोन अनेक लागतात व जागाही पुष्कळ लागते. या अडचणींवर यंत्राने उपाय काढला. १९८० साली रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र निघाले. त्याच वर्षी निघालेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ड्रमचे आघात मुद्रित करून साठविले होते. १९९७ साली रोलँडने जाळीच्या पडद्याचे पॅड बाजारात आणले आणि काठीला चामड्यासारखी उसळी मिळू लागली. यांतील ८०८चा खर्ज खऱ्या ड्रमसारखा मुळीच नव्हता. पण तो जसा होता तसाच पुढे अमेरिकेतील हिप-हॉप संगीताचा एक अलंकार झाला. यंत्र स्वतःच्या नावाने बोलते तेव्हा तेही एक वाद्यच असते, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप यंत्रावर नसून तोतयेगिरीवर आहे.

ही तोतयेगिरी आपल्या वाद्यांच्या बाबतीत विशेष उघडी पडते. तबल्यावरील शाई हा केवळ काळा ठिपका नव्हे. पडद्याच्या मध्यभागी चढविलेल्या या भारामुळे त्याचे विस्कळित कंप सुरेल मेळात येतात, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या आणि १९३४च्या आपल्या निबंधांतून दाखवून दिले. अशा पडद्यावर बोट किती टेकले, केव्हा उचलले आणि किनारीवर पडले की लवेवर, यावर बोल ठरतो. डग्ग्यावर मनगट सरकले की नाद अखंड चढत जातो. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी पद्धतीत आघाताच्या जोराला साधारणतः १२७ पायऱ्या असतात. पायऱ्या थोड्या आहेत अशी आमची तक्रार नाही. आघाताचा जोर मोजला गेला, पण हाताची घसट मोजावयाची राहून गेली, ही तक्रार आहे. सॅम्पल म्हणजे कधी तरी, कोठे तरी, कोणा तरी गायकाविना पडलेली थाप. समोरच्या गायकाने श्वास लांबविला हे तिला ठाऊक नसते. आमच्या पेशाच्या भाषेत बोलावयाचे तर ही ऐकीव साक्ष आहे. आणि मूळ साक्षीदार गावातच हयात असताना ऐकीव साक्षीवर निकाल देणे कोणत्याही न्यायाधीशास शोभणार नाही.

तबल्याचे एक वेळ निभावेल, कारण त्याची उत्तम मुद्रणे विपुल आहेत. घुमटाची गोष्ट निराळी आहे. दोन्ही बाजूंनी उघडा मातीचा घट, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेले चामडे आणि लहान तोंडावर उघडझाप करणारा तळहात, एवढ्यावर हे वाद्य चतुर्थीच्या आरतीपासून मांडोपर्यंत आणि शामेळ-कांसाळ्यांसह सुंवारीपर्यंत गोमंतकाचा ताल सांभाळीत आले. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण दिले. तिला मारणे व तिचे चामडे बाळगणे हा गुन्हा झाला. हा कायदा आम्हांस न्याय्य वाटतो. वाद्यासाठी एका जीवाची जात संपविण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेस नाही. कारागिरांनी बकऱ्याचे चामडे घेतले आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटास वारसा-वाद्य म्हणून घोषित केले.

परंतु चामडे बदलले की नाद बदलतो. जुना नाद कानांत साठविलेली माणसे अजून आपल्यांत आहेत, आणि नव्या चामड्यातून कोणता नाद काढावा याचा शोध कारागीर व वादक आज घेत आहेत. म्हणजे घुमटाचा नवा आवाज अद्याप घडत आहे. नेमक्या याच वेळी कोणा एका घटाची, कोणा एका दिवशी घेतलेली थाप संगणकात साठवून ती सर्व गाण्यांस सरसकट लावली, तर पुढील पिढी त्या थापेसच घुमट समजेल. तीत तळहाताची उघडझाप नसेल, पावसाळ्यात सैलावलेले चामडे शेकून पुन्हा ताणले असता येणारा टणत्कार नसेल. यात धोका एका गाण्यास नसून वाद्याच्या ओळखीस आहे.

मग घरच्या स्टुडिओची खरी सुधारणा कोणती? आमच्या मते तिचा क्रम बाजाराच्या क्रमाच्या बरोबर उलटा असावा. पहिला पैसा वाद्यावर जावा. जुनी पुडी बदलावी, वादी ताणून घ्यावी, ड्रमचे झिजलेले पडदे काढून नवे सुरात लावावेत. बेसूर वाद्यास महागडा मायक्रोफोन अधिक स्पष्टपणे बेसूर ऐकवितो, एवढेच.

दुसरा पैसा खोलीवर. तीन मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ५७ हर्ट्‌झचा खर्ज भिंतींमध्ये कोंडला जातो. कोठे तो फुगतो, कोठे नाहीसा होतो. अंड्यांचे पुठ्ठे भिंतींस चिकटविल्याने त्यास काही होत नाही. कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लागतात, आणि वाद्य खोलीत चार ठिकाणी ठेवून ऐकण्याचा धीर लागतो. खोलीचे मोल केवढे असते, हे लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेत ऐकावयास मिळते. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी जॉन बॉनम यांचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि अँडी जॉन्स यांनी वर जिन्यात दोनच मायक्रोफोन लावले होते. पुढे त्यावर यांत्रिक संस्कार झाले हे खरे. पण त्या ठोक्याचे गांभीर्य मुळात त्या जिन्याचे आहे. आपल्याकडील जुन्या घरांच्या ओसरीत आणि माजघरात असे किती नाद दडले असतील!

तिसरा पैसा मायक्रोफोनवर. घुमटास एक मायक्रोफोन चामड्यासमोर व दुसरा मागल्या तोंडाजवळ, हाताच्या आड येणार नाही असा ठेवावा. दोन्ही आवाज जोडताना खर्ज पोकळ वाटला तर एकाची ध्रुवता उलटून पाहावी आणि जो मेळ भरदार लागेल तो ठेवावा. पॅड आणि सॅम्पल यांचे स्थान यानंतर. रात्रीच्या रियाझास, कच्च्या आराखड्यास आणि यंत्राचाच नाद हवा असेल तेथे ती अवश्य वापरावीत. मात्र वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खाली जाड गादी घालावी, कारण पॅड मुके असले तरी त्याची धडधड जमिनीतून खाली उतरते.

आणि या सर्वांहून मोठा खर्च वादकाच्या बिदागीचा असावा. नाना पानशांच्या पखवाजाने जे इंदूर गाजले आणि खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयीने जो गोमंतक डोलला, तेथील घरांत तालासाठी माणूस बोलावणे ही चैन ठरावी, हे आम्हांस पटत नाही. एका सॅम्पल-संचाच्या किमतीत गावातील घुमटवादकाची एक संध्याकाळ सन्मानाने मिळू शकते. त्या संध्याकाळी जे मुद्रित होईल ते कदाचित थोडे खडबडीत असेल. पण ती घुमटाची स्वतःची साक्ष असेल आणि उद्या या वाद्याचा नाद कसा होता असा प्रश्न निघाला, तर ग्राह्य धरता येईल असा तोच पुरावा असेल.