गाजर गवत, पॅच टेस्ट आणि घाईत लिहिलेलं ‘मुळे’

पाऊस पडून गेला की तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला, भोसरी एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर, रेल्वे लाइनच्या बाजूला एक गोष्ट कुणी न पेरता जोरात उगवते: गाजर गवत. याच पट्ट्यात कुणाच्या मानेवर, पापण्यांवर खाजरं पुरळ आलं आणि महिनोन्महिने जाईना, की उत्तर तयार असतं, “गवतामुळे झालं असेल.” उत्तर चुकीचंच असेल असं नाही. पण तुम्ही प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘गाजर गवतामुळे त्वचारोग होतो’ असं एक वाक्य टाकून पुढे जाता, तेव्हा त्या ‘मुळे’मध्ये तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. आज ते सुटे करून बघू.

पहिला प्रश्न: या गवताने असं पुरळ येऊ शकतं का?

हो. इथे पुरावा भक्कम आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९५५ मध्ये दिसलेली ही वनस्पती आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतासाठी नवीन म्हणून नोंदवली. पुढे अरविंद लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्यासोबत १९७४ मध्ये तिच्यापासून होणाऱ्या स्पर्शजन्य त्वचादाहावर पेपर लिहिला.

यंत्रणाही समजलेली आहे. झाडावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. हा लहानसा रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि टी-पेशी त्या जोडीला परकं समजतात. म्हणून पुरळ लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. झाडाला हात लावायचीही गरज नाही, वाळलेल्या झाडाचा चुरा हवेतून येऊन त्वचेवर बसला तरी पुरतं.

दुसरा प्रश्न: या माणसाला त्याची ॲलर्जी आहे का?

यासाठी पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावायच्या, ४८ तासांनी काढून पहिलं वाचन घ्यायचं, मग ७२ किंवा ९६ तासांनी दुसरं. पेपर वाचताना इथे तीन गोष्टी तपासा. एक, झाडाचा कच्चा अर्क वापरला असेल तर त्याने नुसतीच आग होऊन खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून निरोगी लोकांवर तोच अर्क लावून पाहिलाय का? दोन, टेस्ट करताना अंगावर इसब भडकलेला होता का? तसं असेल तर पाठ कशालाही प्रतिसाद देते. तीन, वाचन एकदाच घेतलंय की दोनदा?

यापेक्षा मोठी अडचण नमुन्याची आहे. अशा अभ्यासांतले रुग्ण बहुतेक वेळा त्वचारोग ओपीडीतून घेतलेले असतात. ओपीडीत येतो तो त्रास असलेला माणूस. त्याच वस्तीत राहणारा, ॲलर्जी असूनही पुरळ नसलेला माणूस मोजलाच जात नाही. म्हणून ‘इतके टक्के रुग्ण पॉझिटिव्ह’ हा आकडा वाचून ‘इतक्या टक्के लोकांना गवताचा त्रास’ असं कधीही लिहू नका.

तिसरा प्रश्न: आत्ताचं हे पुरळ त्यामुळेच आहे का?

बरेच प्रबंध इथे घसरतात. पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच. गुन्हेगार तोच, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

समजा चाकणच्या मशीन शॉपमधला एक ऑपरेटर आहे. दिवसभर हात कूलंटमध्ये, येता-जाता बाइकवर दोन्ही बाजूंना गवत, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराच्या बांधकामावर ओलं सिमेंट. कूलंटने त्वचा कोरडी पडून फाटते, शिवाय त्यातल्या जंतुरोधकांची ॲलर्जी होऊ शकते. सिमेंटमध्ये क्रोमेट असतं. टेस्ट गवताला पॉझिटिव्ह आली. आता?

आधी जागा बघा. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर असेल तर संशय कूलंटवर किंवा सिमेंटवर. पापण्या, मान, कोपराच्या घडीत असेल तर हवेतून येणाऱ्या गोष्टीवर. पण जुन्या रुग्णांत गवताचं पुरळ उन्हाच्या त्वचादाहासारखं दिसू लागतं, त्यामुळे जागा हाही शेवटचा शब्द नाही.

मग वेळ बघा. प्रश्नावलीत ‘सुट्टीत बरं वाटतं का?’ हा आवडता प्रश्न असतो. पण तो गावी गेला तर तिथल्या बांधावरही गाजर गवत आहेच. तिथे बरं वाटलं तर संशय कारखान्याकडे वळतो. नाही वाटलं तरी कारखाना सुटत नाही, कारण जुना इसब आठ दिवसांत शांत होत नाही. शिवाय कूलंटने फाटलेल्या त्वचेतून बाहेरचे पदार्थ सहज आत जातात. म्हणजे दोन कारणं एकमेकांना हातभार लावत असतील, आणि ‘गवत की कूलंट?’ हा प्रश्नच चुकीचा ठरेल.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कारण काढून टाकून काय होतं ते पाहणं. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून क्रोमेट निष्प्रभ केलं गेलं, आणि बांधकाम कामगारांमधली क्रोमेटची ॲलर्जी कमी झाली. गवत काढून त्वचेवर झालेला परिणाम असाच, तुलनेचा गट ठेवून मोजायला हवा.

एवढा काथ्याकूट कशाला?

कारण त्या ‘मुळे’वर माणसाचं बरंच काही अवलंबून असतं. कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत खनिज तेलांमुळे आणि रसायनांच्या थेट संपर्कामुळे होणारा त्वचादाह आहे. केस पेपरवर ‘गवत’ लिहिलं की कुणाला काही कळवावं लागत नाही, हातमोजे येत नाहीत, कूलंट बदलत नाही. उलट पुरावा नसताना ‘कूलंट’ लिहिलं, तर कामगार नोकरी सोडून बसेल आणि पुरळ तसंच राहील.

म्हणून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जिथे जिथे ‘मुळे’ आहे तिथे पेन्सिलीने गोल करा आणि शेजारी लिहा: होऊ शकतं, ॲलर्जी आहे, की याच पुरळाचं कारण आहे? तिन्हींसाठी वेगळा पुरावा लागतो. गाइडने विचारायच्या आधी तो तुमच्याकडे असू द्या.