सड्याची कोरी जागा

स्थलदर्शक नकाशा हा भूगोलाच्या अभ्यासकाचा विषय. साहित्याच्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु जेथे नावे योजली जातात, काही सांगितले जाते आणि काही गाळले जाते, तेथे समीक्षेला प्रवेश असतोच. पेडणे आणि डिचोली तालुक्यांचे जुने नकाशे आम्ही याच दृष्टीने वाचले.

प्रथम नावे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि कागदावर हरमलचे ‘आरांबोल’, साखळीचे ‘सांकेली’, हळर्णचे ‘आलोर्ना’ झाले. १७४६ मध्ये हळर्णचा किल्ला जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला मार्किसचा किताब मिळाला तो याच गावाच्या नावाने. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र हळर्ण हळर्णच राहिले.

नावांहून सूक्ष्म गोष्ट रेषांची. गोवामुक्तीनंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने काढलेल्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या पत्रकांवर समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या फरकाने येतात. उतारावर त्यांची दाटी होते; जांभ्याच्या सपाट सड्यावर त्या विरळ होत जातात आणि कागद कोरा राहतो. हे मौन तांत्रिक आहे, पण घाईने वाचणारा त्याचा अर्थ ‘ओसाड’ असा लावतो. पावसाचे पाणी सड्यात मुरते, पायथ्याच्या झऱ्यांतून कुळागरांना मिळते, सड्यावर गुरे चरतात, यांपैकी काहीही रेषेत मावत नाही. पेडण्यातील मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्या कोऱ्या जागेत काय होते, हे आता नकाशा सांगणार नाही.

डिचोलीत नेमके उलट घडले. तेथे रेषा दाट होत्या. लोहखनिजासाठी डोंगर पोखरले गेले, आणि शिरगावसारख्या गावांत खोल खंदक उरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तरी गेलेला डोंगर परत आला नाही. त्याची उंची जुन्या पत्रकावर तेवढी शिल्लक आहे.

राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी काढलेला कागद असा गावाचा साक्षीदार ठरतो. पण साक्ष अपुरी आहे. तिला जोड हवी ती सड्यावरच्या पाणवठ्यांच्या, पायवाटांच्या आणि देवराणांच्या नावांची. ही नावे वृद्धांच्या स्मरणात आहेत तोवर टिपून घेणे, हे आम्ही वाङ्मयीन कार्यच मानतो.